कूलर लागला आणि माऊस अडखळला

वाचकांचे प्रश्न : घरचा संगणक

या महिन्याच्या टपालात वायरलेस उपकरणांच्या तक्रारींचा ढीग आहे. वायर होती तेव्हा ती हलवून, काढून, पुन्हा लावून पाहता येत असे आणि बिघाड निदान डोळ्यांना दिसत असे. आता मध्ये फक्त हवा उरली आहे. हवेला दोष देता येत नाही, म्हणून सगळा दोष विंडोजवर जातो आणि घरोघरी संगणक फॉरमॅट होतात. एका पत्रात ‘फॉरमॅट मारून झाले, नवा माऊस आणून झाला’ असे वाचले तेव्हा वाईट वाटले, कारण त्या घरातला बिघाड संगणकाच्या आत नव्हताच. ते पत्र म्हणूनच पहिले घेतले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही मानेवाड्याला राहतो. बैठकीच्या खोलीत संगणक असून त्याला वायरलेस माऊस आणि कीबोर्ड आहेत. दोन्हींचा मिळून एकच छोटा रिसीव्हर मागच्या बाजूला लावलेला आहे. हिवाळाभर काही त्रास नव्हता. एप्रिलच्या मध्यापासून माऊसचा बाण अडखळत चालतो आणि टाइप करताना मधली अक्षरे गळतात. त्याच सुमारास वायफायही मंदावले. ओळखीच्या मेकॅनिकने विंडोज फॉरमॅट करून दिले, पण दोन दिवसांनी पुन्हा तेच. नवा माऊस आणला, तरी तेच. आता मदरबोर्ड बदलावा लागेल असे तो म्हणतो. मुलीने फोटोंसाठी बाहेरची हार्ड डिस्क घेतली आहे, ती सतत लावलेली असते. कूलर बसवण्यासाठी टेबल थोडे सरकवले, एवढाच काय तो घरातला बदल. मदरबोर्ड बदलावा काय?

उत्तर : बदलू नये.

पत्रातली, प्रश्नाच्या आधीची शेवटची दोन वाक्ये आपण जाता जाता लिहिली आहेत, पण उत्तर त्यांतच आहे. माऊस नवा आला, विंडोज नवे आले, तरी आजार जागचा हलला नाही. म्हणजे तो या दोन्हींत नाही, एवढे निदान मेकॅनिकने करूनच दिले आहे. उरते ती माऊस आणि रिसीव्हर यांच्यामधली जागा. म्हणून मी आपल्याला फोन करून टेबलाची मांडणी विचारली. तेव्हा कळले की टेबल सरकवल्यावर, ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो तो डबा टेबलावरून खाली जमिनीवर गेला, त्याची पाठ भिंतीला लागली, आणि त्या पाठीवर निळ्या पोर्टमध्ये हार्ड डिस्कची वायर व तिला खेटून असलेल्या पोर्टमध्ये नखाएवढा रिसीव्हर अशी जोडी बसली आहे. दोघांत बोटभरही अंतर नाही.

निळे पोर्ट म्हणजे बहुधा यूएसबी ३.०. त्यातून माहिती सेकंदाला ५ गिगाबिटपर्यंतच्या वेगाने धावते, आणि एवढ्या वेगाने बदलणाऱ्या विद्युतसंकेतांतून रेडिओचा गोंगाट आजूबाजूला सांडतो. तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो. आपला माऊस आणि कीबोर्ड, झाडून सारी ब्लूटूथ उपकरणे आणि बऱ्याच घरांतले वायफाय याच पट्ट्यात बोलत असते. ही माझी कल्पना नव्हे; इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीनेच २०१२ मध्ये या त्रासावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. माऊसमधला सेल चिमुकला, त्यामुळे त्याचा आवाज कुजबुजीएवढा. आणि हार्ड डिस्कचा गोंगाट तर रिसीव्हरच्या अगदी कानाशी. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी नागपुरातल्या बर्डीच्या गजबजलेल्या मेन रोडवर पलीकडच्या फुटपाथवरून कोणी आपल्याला हळूच हाक मारावी, तशी त्या माऊसची अवस्था झाली आहे. हाक मारणारा बदलून उपयोग नव्हता.

आता पडताळा कसा घ्यावा ते सांगतो. हार्ड डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करून काढून ठेवावी आणि बाकी कशालाही हात न लावता पाच-दहा मिनिटे काम करून पाहावे. बाण गुळगुळीत चालू लागला तर गुन्हेगार सापडला. मग एक मीटर लांबीची साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणावी, तिच्या टोकाला रिसीव्हर लावावा आणि तो टेबलावर, कीबोर्डच्या मागे, माऊसला दिसेल असा ठेवावा. हार्ड डिस्क पुन्हा जिथे होती तिथे लावण्यास मग हरकत नाही. केबल मिळेपर्यंत रिसीव्हर डब्याच्या समोरच्या काळ्या पोर्टमध्ये लावला तरी पुष्कळ फरक पडेल, कारण मागे असताना आड येणारा लोखंडी डबा त्यामुळे वाटेतून दूर होतो. या सगळ्यात पथ्य एकच : एका वेळी एकच वस्तू हलवावी. हार्ड डिस्क काढली, रिसीव्हर हलवला आणि सेलही बदलले, असे एकदम केले तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

वायफायचा आजार मात्र वेगळा आहे, तारीख तेवढी तीच. फोनवर आपण म्हणालात की राउटर आधी खिडकीवरच्या फळीवर होता आणि कूलर आला तेव्हा तो खाली, कूलरच्या मागच्या कोपऱ्यात स्टुलावर आला. नागपुरी कूलर ही काय वस्तू आहे ते इथल्या वाचकांना सांगायला नको. तीन बाजूंना ओले गवत किंवा वाळा, तळाशी पाण्याची टाकी आणि भोवती लोखंडी पत्र्याचा पेटारा. रेडिओलहरींच्या वाटेत मुद्दाम अडथळा उभारायचा म्हटले तरी याहून चांगला सुचणार नाही : पत्रा त्या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. राउटर पुन्हा उंचावर, माणसाच्या डोक्याच्या पातळीला, कूलरच्या आणि लोखंडी कपाटाच्या आडोशातून बाहेर यायला हवा. वायर पुरत नसेल तर केबलवाल्याकडून ती वाढवून घ्यावी. ती मीटरभर वाढवण्याची टाळाटाळ आपल्याकडे वर्षानुवर्षे चालते आणि तेवढ्यासाठी घर मंद वायफाय सोसते.

राउटर ५ गिगाहर्ट्झवरही चालणारा असेल आणि संगणक त्याच खोलीत असेल, तर संगणकाचे वायफाय त्या पट्ट्यावर न्यावे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून कमी पोहोचतात, परंतु एका खोलीत ती उणीव जाणवत नाही आणि २.४चा पट्टा माऊस-कीबोर्डला मोकळा होतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवान्याविना खुला आहे. वाट खुली म्हणून गर्दी तिथेच : शेजाऱ्यांचे राउटर आणि सगळ्यांचे हेडफोन तर त्या वाटेवर असतातच, शिवाय स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह चालू असेपर्यंत तोही तिथेच गोंगाट करतो. २.४वरच राहणे भाग असेल तर राउटरचा चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातली त्याची वाट, १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेवावा, कारण एवढे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. फ्लॅटमध्ये शेजारचे बहुतेक राउटर कोणत्या चॅनेलवर आहेत ते मोबाइलवरच्या वायफाय तपासणाऱ्या एखाद्या अॅपने दिसते. त्यांच्यापासून दूरचा घ्यावा.

प्रश्न : सर, मी त्रिमूर्तीनगरात राहतो आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवीन कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. मदरबोर्डमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आहेत. पण इअरफोन घालून खुर्ची फूटभर मागे घेतली तरी गाणे तुटते, आणि राउटर त्याच खोलीत असून वायफायच्या दोनच दांड्या दिसतात. ड्रायव्हर तीनदा टाकून पाहिले. कार्ड खराब आहे का?

उत्तर : मदरबोर्डचा खोका अजून घरात आहे का, हा माझा पहिला प्रश्न. असल्यास तो माळ्यावरून काढावा आणि पुस्तिकेखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वायर असलेली काळी पट्टी किंवा दोन काळ्या दांड्या आहेत का ते पाहावे. त्या अँटेना आहेत. आपल्या डब्याच्या मागे, यूएसबीच्या पोर्टांजवळ, आटे असलेल्या दोन छोट्या सोनेरी नळ्या बाहेर आलेल्या असतील, बहुधा प्लॅस्टिकच्या टोप्या घातलेल्या. तिथे त्या बसवायच्या असतात. असेंबल करणाऱ्याने संगणक दुकानात सुरू करून दाखवला असेल, तो सुरूही झाला असेल, आणि अँटेना खोक्यातच राहिल्या असतील. असे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता डब्याच्या पाठीकडे आधी पाहतो आणि ड्रायव्हरचे, म्हणजे विंडोजला ते उपकरण चालवता यावे म्हणून टाकलेल्या सॉफ्टवेअरचे, नंतर विचारतो.

अँटेनेशिवायही रेडिओ पूर्ण मुका होत नाही. त्या सोनेरी टोकातून थोडीफार लहर निसटते आणि जवळच्या जवळ काम चालते. म्हणूनच उपकरण सापडते, जोडलेही जाते, फक्त फूटभर सरकले की तुटते. ड्रायव्हर खराब असता तर अंतराचा एवढा चोख हिशोब त्याने ठेवला नसता. अंतर वाढले की बिघाड आणि जवळ आले की सुधारणा, असे दिसले की सेटिंग्ज बंद कराव्यात आणि अँटेना, भिंती, पत्रे पाहावेत.

अँटेना बोटांनीच घट्ट कराव्यात. पक्कड लावली तर आतली सूक्ष्म वायर पिळवटून तुटते. वायरची पट्टी असेल तर ती डब्याच्या मागे लोंबकळत न ठेवता टेबलावर उभी ठेवावी. खोका टाकून दिला असेल तर मदरबोर्डच्या आट्यांना बसणाऱ्या अँटेना बर्डीवरच्या संगणकाच्या दुकानांत सुट्या मिळतात. जाताना नळीचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जावा.

हेच लक्षण जरा वेगळे दिसले, म्हणजे वायफाय ठणठणीत आणि ब्लूटूथचा पत्ताच नाही, आणि रेडिओ मदरबोर्डचा नसून वेगळ्या कार्डाचा असला, तर कारण निराळे असते. अशा कार्डाचे वायफाय ज्या खाचेत कार्ड बसते तिथून चालते. ब्लूटूथसाठी मात्र कार्डापासून मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या टाचण्यांपर्यंत एक बारीक वायर न्यावी लागते. ती जोडायची राहिली की विंडोजला ब्लूटूथ दिसणारच नाही, ड्रायव्हर कितीही टाका.

प्रश्न : मी महालात राहणारी निवृत्त शिक्षिका असून संगणकावरून संस्कृतचे वर्ग घेते. ब्लूटूथ हेडफोनवर भजने उत्तम ऐकू येतात. वर्ग सुरू झाला की मात्र आवाज एकदम जुन्या ट्रंक कॉलसारखा होतो, आणि विद्यार्थिनी म्हणतात, ‘बाई, तुमचा आवाज विहिरीतून येतो.’ दुसरे असे की, मोबाइल शेजारी असला की हेडफोन संगणकाला जोडलाच जात नाही.

उत्तर : आपल्या हेडफोनमध्ये बिघाड नाही, तो दोन वेगवेगळ्या पद्धतींनी बोलतो आणि वर्गाच्या वेळी हलक्या पद्धतीवर उतरतो. नुसते ऐकायचे असते तेव्हा ब्लूटूथची सगळी रुंदी एकाच दिशेने आवाज आणण्यात खर्च होते आणि तो स्टिरिओ येतो. हेडफोनचा माइक सुरू होताच आवाज दोन्ही दिशांनी न्यावा लागतो. ती सोय मुळात टेलिफोनसाठी आखलेली असल्याने आवाज एकपदरी होतो आणि त्याचे सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुनेच घेतले जातात. सीडीवरच्या संगीतात हा आकडा ४४,१०० असतो. ‘ष’ आणि ‘श’ यांतला फरक ज्या वरच्या कंपनांत असतो ती तर पहिल्यांदा गळतात. संस्कृतच्या बाईंना हे अधिक बोचणारच.

उपाय सोपा आहे. हेडफोन फक्त ऐकण्यासाठी ठेवावा आणि बोलण्यासाठी दुसरा माइक निवडावा. आपल्या वेबकॅममध्ये माइक असेलच. तोही नसेल तर वायरचा साधा कॉलर माइक पुरे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्याखाली ‘साउंड’ येथे ‘आउटपुट’ला हेडफोन आणि ‘इनपुट’ला वेबकॅमचा माइक निवडावा. एवढ्याने भागत नाही, कारण वर्गाच्या अॅपची स्वतःची वेगळी निवड असते; तिथेही हेच करावे. विंडोज १० असेल तर आउटपुटच्या यादीत त्याच हेडफोनच्या दोन नोंदी दिसू शकतात : ‘स्टिरिओ’ लिहिलेली घ्यावी, ‘हँड्स-फ्री’ लिहिलेली घेऊ नये. एल्‌ई ऑडिओ नावाची नवी पद्धत ही अडचण बरीच दूर करते. मात्र ती हेडफोन आणि संगणक दोघांनाही यावी लागते, तेव्हा केवळ त्यासाठी नवा हेडफोन घेण्याची घाई नको.

मोबाइलचे म्हणाल तर, बहुतेक हेडफोन सुरू होताच सर्वांत शेवटी ज्याच्याशी जोडलेले होते त्याला शोधतात. सकाळी आपण मोबाइलवर भजने ऐकता, म्हणून दुपारीही तो मोबाइललाच जाऊन चिकटतो. वर्गाआधी मोबाइलचे ब्लूटूथ मिनिटभर बंद करावे, हेडफोन संगणकाला जोडून घ्यावा आणि मग मोबाइलचे पुन्हा सुरू करावे. संगणकावरून हेडफोन काढून टाकून नव्याने जोडण्याची वेळ आलीच, तर हेडफोनचे बटण दिवा भरभर लुकलुकेपर्यंत दाबून धरावे लागते. नुसता सुरू केलेला हेडफोन नव्या संगणकाच्या यादीत येत नाही.

प्रश्न : इतवारीत आमचे दुकान असून हिशोबाचा लॅपटॉप घरी असतो. परवा वादळात वीज गेली-आली, तेव्हापासून लॅपटॉपवरचे ब्लूटूथचे बटणच नाहीसे झाले. बंद करून पुन्हा सुरू केला, काही उपयोग नाही. विंडोज ११ आहे.

उत्तर : आपण लॅपटॉप ‘बंद’ केला असे लिहिता, पण विंडोज तो पूर्ण बंद करत नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय साधारणपणे चालू असते; ‘शट डाउन’ केल्यावर ती यंत्रणेची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलते, त्यामुळे अडकलेला बिघाडही जसाच्या तसा परततो. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर नव्याने सुरुवात करतो. नावांवरून उलटे वाटते, पण वस्तुस्थिती अशी आहे. तेव्हा प्रथम ‘रीस्टार्ट’ करावा. गुण आला नाही तर लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, थोडे थांबून चार्जर लावावा आणि सुरू करावा. ब्लूटूथची चिप स्वतःच गोठलेली असते तेव्हा तिची उरलीसुरली वीज तोडल्याशिवाय ती जागी होत नाही, आणि वीज जाऊन आल्यानंतर नाहीशी झालेली पुष्कळ बटणे एवढ्यानेच परत येतात.

यानंतरही बटण आले नाही तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ ही विंडोजमधली उपकरणांची यादी उघडून ‘ब्लूटूथ’ नावाचा गट आहे का ते पाहावे. गट असून त्यावर पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हरचा प्रश्न आहे : लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचा क्रमांक टाकून ब्लूटूथचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अद्ययावत करतो’ असे सांगणारी फुकटची सॉफ्टवेअरे घेऊ नयेत. ती एक दुरुस्त करताना चार बिघडवतात, आणि आपल्या लॅपटॉपमध्ये दुकानाचा हिशोब आहे. विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेकांनी अलीकडेच ११ टाकून घेतले. आपणही त्यांतले असाल तर कंपनीचा मूळ ड्रायव्हर कधी टाकलाच गेला नसण्याची शक्यता धरावी. गटच नसेल आणि ‘व्ह्यू’मधून लपलेली उपकरणे दाखवूनही तो आला नाही, तर चिप किंवा कार्ड गेले आहे असे समजावे. कार्ड बदलून घेण्यापेक्षा ब्लूटूथचा छोटा यूएसबी अॅडॅप्टर लावणे स्वस्त पडते.

ही शोधाशोध करण्यापूर्वी वायरचा माऊस जोडून ठेवावा. ब्लूटूथच्या माऊसने ब्लूटूथचाच ड्रायव्हर काढून टाकणे म्हणजे बसलेली फांदी तोडणे होय, आणि ती तोडलेले गृहस्थ मला भेटलेले आहेत.

काही पत्रांत बटण जागेवर असते, पण दहा मिनिटे हात लावला नाही की माऊस झोपतो आणि जागा होण्यास वेळ घेतो. त्यांनी डिव्हाइस मॅनेजरमध्येच ब्लूटूथच्या अॅडॅप्टरवर दोनदा क्लिक करून ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाकावी.

प्रश्न : हिंगणा रोडवर राहून घरूनच मराठी टायपिंगची कामे करते. राउटर बदलल्यापासून वायफाय प्रिंटर कधी ‘ऑफलाइन’ दिसतो, कधी आपोआप चालू लागतो. प्रिंटरचा मेकॅनिक हेड बदलायला सांगतो.

उत्तर : हेडचा, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाचा, आणि ‘ऑफलाइन’चा काही संबंध नाही. हेड बिघडले तर कागदावर रेघा येतात. इथे कागदापर्यंत गोष्ट पोहोचतच नाही.

‘कधी चालतो, कधी नाही’ हे आपल्या पत्रातले महत्त्वाचे शब्द आहेत. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो, आणि तो कायमचा नसतो. प्रिंटर रात्री बंद झाला की सकाळी त्याला दुसराच पत्ता मिळू शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो, आणि तिथे कोणी राहत नाही. प्रिंटरच्या पडद्यावरून किंवा बटणांवरून ‘नेटवर्क रिपोर्ट’ छापता येतो. आज चालत असताना एक छापून ठेवावा आणि ‘ऑफलाइन’ होईल त्या दिवशी दुसरा. दोन्हींवरील ‘आयपी अॅड्रेस’च्या आकड्यांत फरक असेल तर राउटरच्या सेटिंग्जमध्ये प्रिंटरसाठी एकच पत्ता राखून ठेवावा. मग विंडोजमधून प्रिंटर काढून टाकून त्या पत्त्याने पुन्हा जोडावा. राउटरमध्ये शिरण्याचा पासवर्ड बहुधा त्याच्या तळाशी चिकटवलेला असतो. नसेल तर तो बसवून देणाऱ्याकडून मागून घ्यावा, तो आपल्या घरचा आहे.

दोन्ही रिपोर्टांवर आकडे तेच असतील तर दोन गोष्टी पाहाव्यात. बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ जाणतात. नवा राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल आणि प्रिंटर मधूनच तुटत असेल, तर दोन पट्ट्यांना वेगळी नावे देऊन प्रिंटरला २.४चे नाव द्यावे. संगणक ५वर असला तरी बिघडत नाही, कारण राउटर दोघांची गाठ घालून देतो. मात्र दोघांपैकी एखादा पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर असेल तर ती गाठ पडत नाही. यापुढे राउटर बदलताना नव्याला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा. घरातली बहुतेक यंत्रे आपापली जोडली जातात.

थोडक्यात : रिसीव्हर हरवला, त्याच कंपनीचा दुसरा चालेल का, असे सक्करदऱ्याहून विचारले आहे. सहसा नाही; माऊस आणि रिसीव्हर यांची जोडी कारखान्यातच बांधलेली असते. काही कंपन्यांचे रिसीव्हर अनेक उपकरणांना चालतात आणि त्यांवर तशी ठळक खूण असते. ती माऊसच्या पोटावरही असेल तरच नवा रिसीव्हर घ्यावा.

धरमपेठच्या एका वाचकांचा माऊस काचेच्या टेबलावर चालत नाही आणि गादीवर चालतो. तो वायरलेसचा दोष नाही. माऊसच्या डोळ्याला काचेवर काही दिसतच नाही. खाली एखादा जुना अंक ठेवावा.

नंदनवनच्या वाचकांना चार्जिंगचे सेल घातल्यापासून माऊस ‘बॅटरी कमी’ दाखवतो. साधा सेल १.५ व्होल्टचा आणि चार्जिंगचा १.२ व्होल्टचा, म्हणून माऊसची फसगत होते. चालतो तोवर त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करावे.

प्रतापनगरच्या वाचकांना संगणक सुरू होतानाच्या निळ्या पडद्यावर ब्लूटूथ कीबोर्ड चालत नाही. चालणार नाही, कारण त्या क्षणी विंडोज आलेले नसते आणि बहुतेक संगणकांत ब्लूटूथ विंडोजबरोबरच जागे होते. रिसीव्हरचा कीबोर्ड मात्र संगणकाला साध्या यूएसबी कीबोर्डसारखा दिसतो, म्हणून तो तिथेही चालतो. तो नसेल तर वायरचा जुना कीबोर्ड भंगारवाल्याला देऊ नये.